मधाच्या जाती आणि रूपे

फुलांतला किंवा झाडाच्या इतर भागांतला गोड रस मधमाश्या गोळा करतात, त्यात आपल्या शरीरातली विकरे मिसळतात, त्यातले पाणी उडवतात आणि दाट झालेला रस मेणाच्या घरांत भरून ठेवतात. हा साठा म्हणजे मध. एवढी व्याख्या जवळजवळ सगळ्या मधांना लागू पडते. त्यापलीकडे दोन मधांत साम्य असेलच असे नाही. जम्मू-काश्मीरमधल्या सुलाईचा मध पांढुरका असतो, महाबळेश्वरच्या कारवीचा गडद आणि घट्ट, इटलीच्या सार्डिनिया बेटावरचा एक मध चक्क कडू, तर डंख नसलेल्या पोया माशीचा मध आंबटसर. मधाची जात ठरते ती रस कुठल्या झाडाचा, तो आणणारी माशी कुठली आणि पोळ्यातून मध काढला कसा, यावर. बाजारातल्या बाटलीवर बहुधा यांपैकी कशाचाच पत्ता नसतो. असतो तो फक्त 'शुद्ध' हा शब्द.

मकरंदात साखरेपेक्षा पाणी पुष्कळ जास्त असते. बाहेर फिरणारी कामकरी माशी तो पोटातल्या मधाच्या पिशवीत भरून आणते आणि पोळ्यातल्या दुसऱ्या कामकरी माशीच्या तोंडी देते. ही घरातली माशी थेंब सोंडेवर काढते, पसरते, पुन्हा आत ओढून घेते, पुन्हा बाहेर काढते. मग तो घरात ठेवला जातो आणि रात्रभर पंखांनी वारा घालण्याचे काम चालते. या सगळ्या उलाढालीत इन्व्हर्टेज नावाचे विकर मकरंदातल्या सुक्रोजचे, म्हणजे उसात असते त्याच साखरेचे, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा दोन साध्या साखरांत विघटन करते. दुसरे एक विकर थोड्या ग्लुकोजपासून ग्लुकॉनिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. मध टिकतो त्यात या दोहोंचाही वाटा आहे. पाणी १८ ते २० टक्क्यांवर उतरले की माश्या त्या घरावर मेणाचे झाकण घालतात. झाकण न पडलेल्या घरातला मध कच्चा, आणि कच्चा मध काढला तर तो आंबतो. म्हणून जाणता मधपाळ चौकटीवरची बहुतेक घरे झाकली गेल्याशिवाय मधाला हात लावत नाही.

तयार मधात सरासरीने ३८ टक्के फ्रुक्टोज, ३१ टक्के ग्लुकोज आणि १७-१८ टक्के पाणी असते. उरलेल्या भागात माल्टोजसारख्या इतर साखरा, आम्ले, खनिजे, विकरे, परागकण आणि सुगंधी द्रव्ये येतात. सामू ४च्या आसपास, म्हणजे मध बऱ्यापैकी आम्लधर्मी असतो. गोडीपुढे तो आंबटपणा जिभेला जाणवत नाही इतकेच. एका मधाचा दुसऱ्या मधाहून वेगळेपणा या दोन मुख्य साखरांच्या प्रमाणात आणि त्या उरलेल्या थोड्या भागात असतो.

प्राचीन भारतीय वैद्यकाने मधाची विभागणी केली ती माशीवरून. चरकसंहितेत माक्षिक, भ्रामर, क्षौद्र आणि पौत्तिक असे चार प्रकार आहेत. सुश्रुतसंहितेने त्यांत छात्र, आर्घ्य, औद्दालक आणि दाल हे चार मिळवून आठ केले. माक्षिक तेलाच्या रंगाचा, पौत्तिक तुपासारखा, क्षौद्र कपिलवर्णाचा आणि भ्रामर पांढरा, अशी वर्णने परंपरेने दिली आहेत. चौघांत माक्षिक श्रेष्ठ आणि भ्रामर पचायला जड मानला आहे. ही नावे आजच्या कुठल्या माश्यांना लावायची याबद्दल टीकाकारांत एकमत नाही. नव्या आणि जुन्या मधाचे गुण वेगळे सांगितले आहेत, हेही लक्षात घेण्यासारखे: नवा पुष्टी देणारा, जुना मेद कमी करणारा. आजचा व्यापार मधाला फुलाचे नाव देतो, पण माशीवरून केलेली जुनी विभागणी काही अडाणीपणाची नव्हती. एकाच जंगलातला, एकाच हंगामातला मध दोन वेगळ्या माश्यांच्या पोळ्यांतून काढला तर त्यातले पाणी, आंबटपणा आणि टिकाऊपणा वेगळा निघतो.

महाराष्ट्रात मध देणाऱ्या माश्या मुख्यतः पाच. आग्या माशी आकाराने मोठी, स्वभावाने तापट. तिचे एकच प्रचंड पोळे उंच झाडाच्या फांदीला, कड्याला, आणि हल्ली शहरातल्या उंच इमारतींच्या सज्जाखाली उघड्यावर लटकते. ती पेटीत राहत नाही आणि ऋतूप्रमाणे जागा बदलते. सातेरी, जिला सातपुडीही म्हणतात, झाडाच्या ढोलीत किंवा कपारीत अंधारात एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते, म्हणून ती पेटीत पाळता येते. फुलोरी माशी लहान. कुंपणाच्या फांदीवर तळहाताएवढे पोळे करते आणि त्यातून मिळतो तो थोडाच मध. पोया माशी त्याहून बारीक, तिला डंख नसतो. पाचवी युरोपीय मेलिफेरा. ती १९६०च्या दशकात पंजाब-हिमाचलकडे रुजली, आणि आज भारतातला बहुतेक व्यापारी मध तिच्याच पेट्यांतून येतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगाने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहतींचा मोठा फडशा पाडला, तेव्हा अनेक मधपाळ मेलिफेराकडे वळले.

आग्याचा मध पातळ असतो, कारण उघड्यावरच्या पोळ्यात, विशेषतः दमट हवेत, पाणी पुरेसे उडत नाही. त्याची बदनामी मात्र माशीमुळे झालेली नाही, काढणाऱ्या हातांमुळे झाली. जुन्या रीतीने रात्री टेंभा पेटवून माश्या जाळायच्या, अख्खे पोळे खाली पाडायचे आणि मध, अंडी, अळ्या, पराग असे सगळे एकत्र पिळायचे. असा मध गढूळ असतो आणि काही आठवड्यांत फसफसतो. वास्तविक आग्याच्या पोळ्यात मध साठतो तो वरच्या कोपऱ्यात, फांदीला चिकटून. या फुगीर भागाला मधाचा कांदा म्हणतात. खालचा मोठा भाग पिल्लांचा असतो. अंगभर जाळीचा पोशाख घालून, बेताचा धूर देऊन, कांदा तेवढा सुरीने कापून बादलीत घेतला तर पिल्ले वाचतात, माश्या जागा सोडत नाहीत आणि त्याच पोळ्यावर पुन्हा मध धरतो. मेळघाटात आणि इतरही जंगलपट्ट्यांत मध गोळा करणाऱ्यांना ही रीत शिकवली गेली आहे. अशा रीतीने काढून स्वच्छ गाळलेला आग्याचा मध कुठल्याही पेटीतल्या मधाच्या तोडीचा असतो.

पोयाचा मध वेगळ्याच कुळातला. ही माशी षट्कोनी घरे करत नाही. मेण आणि झाडांचा डिंक कालवून बोराएवढी किंवा त्याहून लहान गाडगी बांधते आणि त्यांत मध भरते. त्यात पाणी २५ टक्क्यांच्या वर असू शकते, चव आंबट-गोड असते आणि डिंकाचा वास येतो. क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२०मध्ये दाखवून दिले की, डंखहीन माश्यांच्या मधात ट्रेहॅल्युलोज नावाची, रक्तात सावकाश उतरणारी, विरळा आढळणारी साखर मोठ्या प्रमाणात असते. केरळात हा मध औषधी म्हणून जपून वापरतात आणि नेहमीच्या मधाच्या कितीतरी पट भावाने विकतात.

रसाच्या उगमावरून मधाचे तीन वर्ग पडतात. पहिला आणि सर्वांत मोठा फुलांच्या मकरंदाचा. दुसरा वर्ग झाडाचा रस शोषणाऱ्या किड्यांच्या स्रावाचा. कपाशीवर मावा पडला की पानांवर चिकटा येतो, तो विदर्भातल्या शेतकऱ्याच्या चांगला ओळखीचा आहे. तसाच गोड चिकटा पाइन, फर, ओक अशा झाडांवर जमतो आणि माश्या तो गोळा करतात. जर्मनीतल्या काळ्या अरण्यातला मध, तुर्कस्तानच्या मुग्ला प्रांतातला पाइन-मध, ग्रीसमधल्या एकूण उत्पादनातला अर्ध्याहून मोठा वाटा, हे सगळे या वर्गातले. हे मध गडद, कमी गोड आणि खनिजांनी भरलेले असतात. त्यांची विद्युतवाहकता फुलांच्या मधापेक्षा जास्त असते आणि प्रयोगशाळा त्यांना त्यावरूनच ओळखते. किड्याच्या पोटातून आलेला म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. युरोपात या मधाला फुलांच्या मधाहून अधिक भाव मिळतो.

तिसरा वर्ग भारताच्या दक्षिण टोकाला भेटतो, आणि मधाच्या पाठ्यपुस्तकी व्याख्येत तो नीट बसत नाही. रबराच्या झाडाला पानगळीनंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी पालवी फुटते, तेव्हा पानाच्या देठाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथींतून गोड रस पाझरतो. फुलाचा इथे संबंध नाही, किड्याचाही नाही. केरळ आणि कन्याकुमारी जिल्ह्यातल्या सातेरीपालनाचा डोलारा या पानांच्या रसावर उभा आहे. हा मध लवकर गोठतो, त्यात पाणी जास्त असते आणि रबराचे परागकण जवळजवळ सापडत नाहीत. त्यामुळे परागावरून मध ओळखण्याची नेहमीची चाचणी इथे लंगडी पडते.

फुलांच्या मधाचे पुन्हा दोन भाग होतात: एकाच फुलाचे प्राधान्य असलेला एकपुष्पी आणि अनेक फुलांचा मिळून झालेला बहुपुष्पी. शंभर टक्के एका फुलाचा मध निसर्गात नसतो, कारण माशी कुंपण मानत नाही. साधारण संकेत असा की मधातल्या परागकणांपैकी ४५ टक्के एका जातीचे असले तर मधाला त्या झाडाचे नाव द्यावे. संत्र्यासारख्या काही झाडांचा पराग मधात कमीच उतरतो, तर चेस्टनटचा भरमसाट. तेव्हा त्यांच्यासाठी हा आकडा खाली-वर करावा लागतो.

एकपुष्पी मधांची रांग कशी लागते हे पाहायला महाबळेश्वरइतकी चांगली जागा महाराष्ट्रात नाही. इथे सातेरीच्या पेट्या पिढ्यान् पिढ्या ठेवल्या जातात, खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय इथेच आहे, मधपाळांची सहकारी सोसायटी 'मधुसागर' नावाने मध विकते, आणि शेजारचे मांघर २०२२मध्ये देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. पुण्यात १९६२मध्ये केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. तिथल्या संशोधकांनी महाबळेश्वरच्या मधांचे फुलवार पृथक्करण केले, त्यामुळे या मधांची कुंडली देशातल्या इतर मधांपेक्षा नीट मांडलेली आहे. हिवाळ्यात पिसा फुलतो. उन्हाळा आला की जांभूळ, गेळा आणि हिरडा मागे-पुढे बहरतात आणि पेट्या भरतात. मुख्य काढणी पावसाआधीची. पावसाळ्यात माश्यांना बाहेर पडता येत नाही, आणि मधपाळाला साखरेचा पाक देऊन त्यांना जगवावे लागते. हा पाक माश्या तशाच घरांत साठवतात. पाक घातलेल्या काळात काढलेला साठा दिसायला मध असला, पोळ्यातून आलेला असला, तरी तो मध नव्हे. ही भेसळ कारखान्यातली नसते, पेटीतलीच असते, म्हणून ग्राहकाच्या ध्यानात येत नाही.

जांभळाचा मध किंचित तुरट-कडवट असतो. तो मधुमेह्यांना चालतो असे सर्रास सांगून विकला जातो. जांभळाच्या बियांबद्दलची समजूत फुलाच्या मधाला चिकटवण्याचा हा प्रकार आहे. जांभळाच्या मधातही सत्तर टक्क्यांच्या आसपास ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच असतात आणि मधुमेह्याला त्याचा हिशेब इतर साखरेसारखाच धरावा लागतो.

कारवीचे प्रकरण निराळे. सह्याद्रीच्या उतारांवर माजणारे हे झुडूप सात वर्षे नुसते वाढते, आणि मग पावसाच्या अखेरीस डोंगरच्या डोंगर जांभळ्या-निळ्या फुलांनी भरून एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. २००८, २०१६ आणि २०२४ ही अलीकडची मोठ्या फुलोऱ्याची वर्षे. सगळे उतार एकाच वर्षी फुलतात असे नाही. एखाद्या डोंगराचे वेळापत्रक दुसऱ्याहून वेगळे असते, त्यामुळे थोडी कारवी अधेमधेही मिळते. वायटी ही कारवीची नातलग साधारण चार वर्षांनी फुलते आणि तिचाही मध निघतो. कारवीचा मध गडद, इतका दाट की चौकटीतून सुटायला वेळ लागतो. त्यात सुक्रोजचे प्रमाण इतर मधांपेक्षा जास्त असू शकते. बाकी मधांत पाच टक्क्यांहून जास्त सुक्रोज म्हणजे साखर मिसळल्याचा संशय. कारवीला मात्र भारतीय अन्नसुरक्षा मानकांनीच किड्यांच्या स्रावाच्या मधाबरोबर दहा टक्क्यांपर्यंत सूट दिली आहे. देशाच्या नियमावलीत सह्याद्रीतल्या एका झुडपासाठी अपवाद आहे.

घाटाखाली आणि देशावर चित्र बदलते. नाशिक-अकोल्याकडच्या आदिवासी भागात कारळ्याची पिवळी शेते, मराठवाड्यात सूर्यफूल, सगळीकडे बाभूळ, बोर, करंज, निलगिरी असा चारा मिळतो. पण बाजारात येणारा मोठा साठा उत्तरेतला. राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेशात मोहरी फुलली की मेलिफेराच्या पेट्या ट्रकांत भरून तिकडे नेतात. तिथून लिचीसाठी मुझफ्फरपूरला, पुढे आणखी कुठे. मोहरीचा मध ग्लुकोजने भरलेला असल्याने काढल्यावर थोड्याच दिवसांत गोठून लोण्यासारखा होतो. भारतीय ग्राहक अशा मधाकडे संशयाने पाहतो. लिचीचा मध फिकट आणि सुवासिक. जम्मूतल्या रामबनकडच्या सुलाईचा पांढरा मध आणि सुंदरबनचा मध यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. सुंदरबनात आग्या माश्या खारफुटीवर, त्यातही खोल्शी नावाच्या झुडपाच्या फुलांवर, मध गोळा करतात, आणि मौली लोक वाघाच्या जंगलात शिरून तो काढतात.

जगभरच्या नामांकित मधांपैकी काहींचे वेगळेपण रसायनातले, तर काहींचे बरेचसे कीर्तीतले. युरोपातल्या रोबिनियाचा मध, जो बाजारात अकेशियाच्या नावाने विकला जातो, त्यात फ्रुक्टोज जास्त असल्याने तो वर्षानुवर्षे पातळ आणि पाण्यासारखा स्वच्छ राहतो. अमेरिकेतल्या फ्लॉरिडाकडच्या दलदलींतला ट्युपेलोही तसाच. स्कॉटलंडच्या माळांवरचा हेदर-मध जेलीसारखा थिजलेला असतो आणि ढवळला की पातळ होतो. प्रथिनांमुळे असे घडते. यंत्रात घालून तो सुटत नाही, पिळूनच काढावा लागतो. सार्डिनियातला कॉर्बेझोलोचा मध कडू, चेस्टनटचा कडवट आणि काळपट. येमेनमधल्या हद्रामौत भागातला सिद्र हा बोराच्या जातीच्या झाडाचा मध; अरब देशांत त्याला मिळणारा भाव बोराचा मध चाखलेल्या मराठी माणसाला चकित करील.

मानुकाची कीर्ती मात्र मोजून सिद्ध झालेली आहे. न्यूझीलंडमधल्या या झुडपाच्या मकरंदात डायहायड्रॉक्सिॲसिटोन असते. मध मुरताना त्याचे मिथाइलग्लायॉक्झल होते, आणि हे द्रव्य जंतूंना मारते. वायकाटो विद्यापीठातले पीटर मोलन यांनी या मधाचा वेगळा जंतुनाशक गुण आधी दाखवला होता. त्यामागचे द्रव्य २००८च्या सुमारास, मुख्यतः जर्मनीतल्या ड्रेस्डेनमधल्या संशोधनातून, पुढे आले. जखमांवर लावण्याचा वैद्यकीय मध बहुधा यापासून बनवतात, पण तो निर्जंतुक केलेला असतो, बाटलीतला नव्हे. नकली मानुका इतका बोकाळला की २०१८मध्ये न्यूझीलंड सरकारला निर्यातीसाठी चार रासायनिक खुणा आणि परागातला डीएनए अशी पाच कसोट्यांची व्याख्या करावी लागली.

मध विषारीही असतो. काळ्या समुद्राच्या तुर्की किनाऱ्यावर आणि नेपाळच्या डोंगरांत ऱ्होडोडेंड्रॉनच्या काही जातींच्या मकरंदात ग्रेयानोटॉक्सिन असते. थोड्याशा मधानेही माणसाचा रक्तदाब आणि नाडी उतरते, घेरी येते, ओकाऱ्या होतात. ख्रिस्तपूर्व ४००च्या सुमारास याच किनाऱ्यावर ग्रीक सैनिक असा मध खाऊन पडले, त्याचे वर्णन झेनोफनने लिहून ठेवले आहे. नेपाळात गुरुंग समाजातले लोक हिमालयातल्या सर्वांत मोठ्या मधमाशीची पोळी कड्यावर दोर सोडून कापतात. त्यातल्या वसंतातल्या मधाला परदेशी हौशी लोक नशेसाठी पैसे मोजतात. हा शौक जिवावर बेतू शकतो.

मूळ रस आणि माशी तीच असली तरी काढण्याच्या पद्धतीने मधाची रूपे बदलतात. सर्वांत नैसर्गिक रूप पोळ्यासकट मध. मेणाने झाकलेला पोळ्याचा तुकडा कापून तसाच विकतात, किंवा बरणीत ठेवून भोवती पातळ मध ओततात. मेण पचत नाही, पण अपायही करत नाही. दुसरे रूप पिळीव मधाचे, त्याचे गुणदोष आग्याच्या संदर्भात आलेच आहेत. तिसरे यंत्राने काढलेल्या मधाचे. अमेरिकेत लॅंगस्ट्रॉथ यांनी १८५१मध्ये चौकटी सुट्या काढता येतील अशी पेटी तयार केली आणि १८६५मध्ये ह्रुश्का यांनी चक्राकार फिरणारे मधयंत्र दाखवले, तेव्हापासून पोळे न मोडता मध मिळू लागला. गरम पाण्यात बुडवलेल्या सुरीने चौकटीवरची मेणाची झाकणे तासायची, चौकटी पिंपात उभ्या करायच्या आणि दांडा फिरवायचा. मध भिंतीवर उडून खाली ओघळतो आणि रिकामे पोळे माश्यांना परत देता येते. मेण बनवायला माश्यांना त्याच्या वजनाच्या कितीतरी पट मध खावा लागतो, म्हणून या साध्या यंत्राने उत्पादन एकदम वाढले.

यंत्रातून निघालेला मध कापडातून गाळून बाटलीत भरला की त्याला कच्चा (इथे न पिकलेला या अर्थाने नव्हे) किंवा प्रक्रिया न केलेला म्हणतात. कारखान्यात तो साधारण साठ अंशांच्या पुढे तापवतात, त्यामुळे आंबवणारे किण्व मरतात आणि स्फटिक विरघळतात. मग दाबाने बारीक गाळतात. असा मध आरशासारखा दिसतो, बराच काळ पातळ राहतो, पण वास आणि विकरे कमी होतात, आणि अतिसूक्ष्म गाळणी लावली तर परागही जातो. पराग गेला की मध कुठला हे विचारायची सोय उरत नाही. तापवलेल्या किंवा फार जुन्या मधात एचएमएफ हे द्रव्य वाढते; भारतीय मानकात त्याची मर्यादा किलोमागे ८० मिलिग्रॅम आहे. मध तापवू नये हा आयुर्वेदाचा दंडक आहे. चहात चमचाभर मध घातल्याने विष तयार होते असा पुरावा मात्र नाही.

थंडीत बरणीच्या तळाशी कणी धरते, मग ती वर चढत जाते आणि महिन्याभरात सगळा मध दाणेदार, फिकट होतो. अनेक घरांत असा मध 'साखर निघाली' म्हणून टाकून देतात. निघते ती साखरच, पण ती मधाचीच असते. पाण्यात ग्लुकोज फ्रुक्टोजपेक्षा कमी विरघळते. ते जास्त झाले की स्फटिक होऊन बाहेर पडते आणि चौदा अंशांच्या आसपास हे सर्वांत लवकर घडते. मोहरी, सूर्यफूल, रबर यांचे मध झटपट गोठतात, रोबिनियाचा गोठत नाही. यावरून मधाची जात कळते, शुद्धता नव्हे. गोठलेली बरणी कोमट पाण्यात ठेवली की मध सुटतो. कॅनडात जन्मलेले एल्टन डाइस यांनी १९३०च्या दशकात उलट वाट काढली: पातळ मधात दहावा हिस्सा बारीक स्फटिकांचा मध मिसळून चौदा अंशांवर ठेवायचा, म्हणजे सगळा मध लोण्यासारखा गुळगुळीत गोठतो. पाश्चात्त्य देशांत पावावर लावायला हाच मध घेतात.

भारतीय मानकात मधातले पाणी २० टक्क्यांवर नको. पूर्वी २५ टक्के चालत असे, आणि दमट भागातल्या सातेरीच्या मधाला आजची अट जड जाते. भेसळीची तपासणी आता साध्या रसायनशास्त्राच्या पलीकडे गेली आहे. ऊस-मक्याची साखर कार्बनच्या समस्थानिकांवरून पकडता येते. तांदूळ किंवा बीटचा पाक त्या चाचणीत सापडत नाही, म्हणून रेणूंची चुंबकीय अनुस्पंदनाने ओळख पटवणारी एनएमआर चाचणी आली. अमेरिकेला जाणाऱ्या मधासाठी ती ऑगस्ट २०२०पासून सक्तीची झाली. त्याच वर्षी दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने १३ ब्रँडचे नमुने जर्मनीत तपासून घेतले, तेव्हा दहा ब्रँड या चाचणीत नापास ठरले. कंपन्यांनी निष्कर्ष अमान्य केले. पाण्यात थेंब तळाशी बसतो का, कागद भिजतो का, वात पेटते का, कुत्रा तोंड लावतो का, या घरगुती परीक्षांना काहीच अर्थ नाही. दाट पाक त्यांतल्या बहुतेक परीक्षांत उत्तीर्ण होतो आणि आग्याचा अस्सल पातळ मध नापास. ग्राहकाने विचारावे ते तीन प्रश्न: फूल कुठले, गाव कुठले, महिना कुठला. उत्तर देऊ शकणाऱ्याकडूनच मध घ्यावा.

मध हवाबंद काचेच्या बरणीत, उन्हापासून दूर ठेवावा. फ्रीजची गरज नाही, ओला चमचा मात्र घालू नये. आणि एका बाबतीत सगळ्या जाती सारख्याच. मधात बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते काही करत नाहीत, तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र ते वाढून विष सोडतात आणि बाळ लुळे पडते. जन्मल्यावर सोन्याच्या अंगठीने मध चाटवण्याची, गुटी मधात उगाळण्याची रीत आपल्याकडे अजून आहे. बालरोगतज्ज्ञांचा सल्ला स्पष्ट आहे: बाळ वर्षाचे होईपर्यंत त्याला कुठलाही मध देऊ नये.